फाईलमध्ये राहिलेला नंबर

मेहजबीन आतार हे नाव आज बारामतीत कुणाला सांगितलं तर कुणी ओळखणार नाही, आणि ओळखायचं काही कारणही नाही. ती पुढारी नव्हती, पेपरात तिचा फोटो कधी आला नाही. माझ्या एसटीडी बूथच्या मागं प्लायवूड ठोकून केलेली एक खोली होती, तिच्यात ती कॉम्प्युटरपुढं बसायची, एवढंच. पण नव्याण्णव सालात त्या पोरीनं जे केलं ते मी काचेआडून बघितलंय. मी कुणाचं कौतुक सहसा करत नाही. हिचंही करणार नाही. झालं ते सांगते.

मी कौसल्या. आमचे हे गेल्यावर विधवेच्या कोट्यातून मला स्टँडसमोर हा बूथ मिळाला. मला कुणी गोड बोलणारी म्हणत नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. दिवसभर स्टँडवर बसून गोड बोलून दाखवा, मग सांगा. माझ्या केबिनमधला फोन असा होता की पलीकडचं माणूस बोलायला लागलं की बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना ऐकू जायचं. दुरुस्तीवाल्याला सांगून माझं तोंड दुखलं. तो दरवेळी येतो म्हणायचा आणि यायचा नाही. त्यामुळं कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला विचारावं लागत नव्हतं, आपसूक कानावर यायचं. आलं की मी सोडून द्यायची. माझ्या बापाचं काय जात होतं?

मागची खोली रामहरी गावडेनं भाड्यानं घेतली होती. सांगवीचा पोरगा. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आला आणि आता सगळं जग इंटरनेटवर येणार म्हणून सांगत हिंडायला लागला. जग येईल तेव्हा येईल, आधी त्यानं माझी फोनची लाईन अडवली. इंटरनेट लावायचं म्हणजे त्याच लाईनीवरनं पुण्याला लावायचं. मागं त्याचं मशीन कुंईकुंई करायला लागलं की पुढं माझं गिऱ्हाईक रिसीव्हर कानाला लावून ओरडायचं, "अवो बाई, ह्यात मांजर शिरलंय!" यावरनं माझं आणि रामहरीचं रोज वाजायचं. तो लोकांच्या वेबसाईट करून द्यायचा. द्राक्षवाले, डाळिंबवाले, एक मंगल कार्यालयवाला. करून द्यायचा म्हणजे गिऱ्हाइकाशी तो बोलायचा आणि काम मेहजबीन करायची.

मेहजबीन भवानीनगरची. तिचे अब्बा, बादशाह आतार, कारखान्यात बॉयलरवर होते. पोरगी कामाला लागली त्या दिवशी ते स्वतः तिच्याबरोबर एसटीनं आले. रामहरीशी दोन शब्द बोलले, खोली बघितली, खिडकी उघडते का बघितली, आणि मग माझ्यापुढं येऊन उभे राहिले.

"कौसल्याबाई, पोरगी तुमच्या नजरंसमोर ऱ्हाणार हाय म्हणून पाठवतोय," ते म्हणाले. "तिची आई, गौहर, न्हायच म्हणत हुती. सोलापूरला माझी भन तिला सून करून न्यायला वाट बघून बसलीय. मी म्हटलं, शिकलीय तर करू दे थोडं. पण कुणाची एक तक्रार माझ्या कानावर आली की कॉम्प्युटर बंद आन सोलापूर चालू."

हे तिच्यासमोरच बोलले. ती खाली बघून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. ते गेल्यावर तिनं वर बघितलं आणि मला म्हणाली, "मावशी, तक्रार येणार नाही."

पोरगी अंगानं काडी, पण हट्टी. भवानीनगरवरनं इंदापूर-बारामती गाडी धरायची. ऊस चालू झाला की रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागते आणि गाडी रखडते. मग ही आदल्या गाडीनं निघायची, उशीर व्हायला नको म्हणून. माझ्याआधी येऊन शटरपाशी उभी. डबा माझ्याबरोबर खायची. माझा ठेचा तिला तिखट लागायचा, डोळ्यातनं पाणी यायचं, तरी खायची. मी म्हणायची, "अगं, नको खाऊ, मरशील." ती नाक ओढत म्हणायची, "सवय होईल."

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण डबा खाताना तिला बोलायला दुसरं कोण होतं? ती सांगायची आणि मी ऐकायची. त्यातनं मला एवढं कळलं. वेबसाईटचं नाव काय, रंग कुठला, फोन नंबर कुठला, अशा सगळ्या ठरवून द्यायच्या गोष्टी डेटाबेसमध्ये, एका टेबलात ठेवायच्या. कुणी साईट उघडली की साईट त्या टेबलाला जाऊन विचारणार, नाव काय, नंबर काय, आणि मग पान दाखवणार. या विचारून येण्यात वेळ जायचा. पान उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हायचा. म्हणून रामहरीनं युक्ती काढली. टेबलातलं सगळं एकदा एका फाईलमध्ये उतरवून ठेवायचं आणि साईटनं ती फाईलच वाचायची. टेबलाकडं जायचंच नाही. पान झटक्यात उघडतं.

यावर दोघांचं वाजलेलं मला आठवतंय. प्लायवूडची भिंत, सगळं ऐकू यायचं.

"सर, टेबलात बदललं आणि फाईल तशीच राहिली तर?" ती.

"टेबलात बदललं की जुनी फाईल काढून टाकायची," रामहरी म्हणाला. "फाईल नाही दिसली की साईट आपोआप टेबलाकडं जाते आणि नवीन फाईल तयार करते. सोपं आहे."

"आणि काढायची राहिली तर?"

"राहू द्यायची नाही."

मला हे चांगलं कळलं, कारण माझं तेच चालायचं. टेलिफोनवाल्यांकडनं दराचा कागद यायचा, तो मी खणात टाकायची. लोक वाचायचे ते पेंटरकडनं काचेवर रंगवून घेतलेले दर. कागद बदलला तरी पेंटर उगवेपर्यंत काच जुनंच सांगायची, आणि लोक भांडायचे माझ्याशी.

आता आबाजींचं सांगते. आबाजी वाघमोडे, अंथुर्ण्याचे. बापजाद्यांची मेंढरं होती, पावसाळा सोडला तर घरदार पाठीवर घेऊन हिंडणारी माणसं. वडलांनी शेवटपर्यंत थोडी मेंढरं ठेवली होती, पण पोरं जमिनीवर आली. थोरल्या आबाजींनी डाळिंबाच्या रोपांची रोपवाटिका काढली. धाकटे दादासो ऊस आणि म्हशी बघायचे. दोघांची घरं समोरासमोर, मध्ये डाळिंबाचा एक तुकडा. फोन फक्त दादासोंकडं होता. त्यामुळं आबाजींच्या वेबसाईटवर नंबर टाकला तो दादासोंचाच, पुढं 'पी.पी.' लिहून. त्या काळात निम्मा तालुका शेजाऱ्याच्या फोनवर चालायचा. फोन वाजायचा, पलीकडचा म्हणायचा, "अमक्याला बोलवा, मी दहा मिनिटांनी करतो," आणि शेजारी दारात उभा राहून हाक मारायचा. पी.पी. नंबर दिला म्हणजे हाक मारायला माणूस बांधून घेतला.

साईट झाल्यावर खरंच फोन यायला लागले. पुण्या-मुंबईत नोकरी आणि गावाकडं जमीन असले साहेबलोक ऑफिसात बसून साईट बघायचे आणि रोपं विचारायचे. एकदा तर कच्छहून एकानं फोन केला. आबाजी आमच्याकडं येऊन सांगून गेले. रामहरीची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं.

उन्हाळ्यात भावाभावांचं फाटलं. कारण जमीन नाही, बांध नाही. आबाजी कृषी प्रदर्शनाला परगावी गेले होते, आणि चारा संपला म्हणून दादासोंनी वडलांची राहिलेली मेंढरं व्यापाऱ्याला देऊन टाकली. सगळी. वडलांच्या हातची वाढलेली, पुढं चालणारा घंटेचा मेंढा होता, तोसुद्धा. आबाजी परत आले तर मेंढरांचं वाडगं मोकळं. त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं. म्हणजे अक्षरशः टाकलं, हूं की चूं नाही.

मग आबाजींनी खटपट करून स्वतःचा फोन घेतला आणि तडक आमच्याकडं आले. असा आवाज चढवला की स्टँडवरचे कंडक्टर वळून बघायला लागले.

"माझ्या नावाखाली त्या घराचा नंबर दिसता कामा न्हाय! हा माझा नवा नंबर घ्या. आन पुन्यांदा त्यो नंबर एक दिवस जरी दिसला ना रामहरी, तर गावोगाव सांगत फिरीन, ह्यांच्याकडं काम देऊ नका म्हणून!"

"आबा, आत्ता बदलतो. तुमच्यासमोर," रामहरी म्हणाला. आणि आबाजी गेल्यावर आत जाऊन मेहजबीनला म्हणाला, "ऐकलंस ना? हा माणूस तोंडाचा फाटका आहे. ह्याची तक्रार आली तर माझा धंदा बसेल. तक्रार आली तर दुसऱ्या दिवशी तू येऊ नको."

तिनं लगेच लाईन लावली, टेबलात नवा नंबर टाकला. फाईल काढणार तेवढ्यात लाईन तुटली. परत लागली तेव्हा तिच्या डोक्यात 'झालं' असं बसलेलं. खात्री करायला तिनं बघितलं ते आपल्याच पडद्यावर, आणि तिथं टेबल दिसायचं. टेबलात नंबर नवा होता. बाहेरच्या जगाला दिसायची ती फाईल, आणि फाईलमध्ये जुनाच. हे तिला तेव्हा कळलं नाही. रामहरीला कळायचा प्रश्नच नव्हता. एकदा काम झालं की तो साईटकडं वळूनही बघायचा नाही.

पाऊस पडून गेल्यावर एक दिवस खांद्यावर टॉवेल टाकलेला एक माणूस माझ्या काचेपाशी आला. "बाई, ती इंटरनेटवाली पोरगी हितंच बसती का?" रामहरी बाहेर गेला होता. मी मेहजबीनला हाक मारली.

"मी दादासो. आबाजींचा धाकटा," तो माणूस म्हणाला. "पोरी, आबाचं फोन अजून माझ्याच घरी येत्यात."

काय झालं असणार हे तिला एका क्षणात कळलं. भिंतीला हात लावून म्हणाली, "काका, फाईल राहिली. मी आत्ता काढते. मिनिटाचं काम आहे. प्लीज, आबांना सांगू नका."

"थांब की. काढ म्हणाया न्हाय आलो. ऱ्हाऊ दे म्हणाया आलोय."

आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडं बघायला लागलो. तो बाकड्यावर टेकला, टॉवेलानं तोंड पुसलं.

"मेंढरं इकली ती चूक माझीच. इचाराया पायजे हुतं. आता आबा समोरून जातो आन मान फिरवतो. पण फोन आला की मी अंगणात येऊन कुत्र्याला सांगतो, 'खंड्या, फोन आलाय म्हणावं कुणाचा तरी.' आबा ऐकतो. येतो, फोनवर बोलतो. जाताना त्योबी कुत्र्यालाच सांगतो, 'खंड्या, चार वाजता पुन्यांदा फोन यील म्हणावं.' त्याला वाटतंय, जुनी गिऱ्हाइकं जुना नंबर लावत्यात. तेवढंच बोलणं हाय बघ आमचं."

मला हसायला आलं, आणि लगेच राग आला. असल्या भावनांची बिलं दुसऱ्याच्या नावावर फाडणारी माणसं मला खपत नाहीत. मी म्हटलं, "दादासो, तुमचं कुत्र्याशी बोलणं चालू राहावं म्हणून ह्या पोरीनं नोकरी घालवायची का? तुमच्या भावानं काय दम भरलाय माहीत आहे? हिच्या घरी कळलं तर हिला उचलून सोलापूरला नेतील."

त्या माणसाचा चेहरा उतरला. "मला ठावं नव्हतं," तो म्हणाला. "मग काढ पोरी. माझं काय, मी आपला असंच म्हणत हुतो." उठला आणि इंदापूर गाडीत जाऊन बसला.

मेहजबीन आत गेली. मशीन कुंईकुंई करायला लागलं. मी गिऱ्हाइकाला थोपवून धरलं, म्हटलं थांबा जरा, आत महत्त्वाचं काम चाललंय. थोड्या वेळानं आवाज बंद झाला आणि ती बाहेर येऊन डबा उघडून बसली.

"काढलीस?"

"नाही."

"का नाही?"

"मावशी, मी फाईल काढली की उद्यापासून ते दोघं कुत्र्याशीपण बोलणार नाहीत."

"अगं भवाने, मग न बोलू देत! तुझे कोण लागतात ते?"

"कुणी नाही," म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! चांगली दोन वर्षं शिकली, आई नको म्हणत असताना इथवर आली, आणि कुणाच्या कोण माणसांसाठी हातातली खुर्ची पणाला लावून बसली. मी तिला बरंच बोलले. मनात कुठंतरी तिचा अभिमानही वाटला असेल, पण तो मी तिला कळू दिला नाही.

पुढचे महिने माझ्याच जिवाला घोर. इंदापूर गाडी लागली की मी आधी उतरणाऱ्या टोप्या बघायची, त्यात आबाजींची आहे का. तिला विचारलं तर म्हणायची, भीती वाटते. वाटते तर काढ की! काढायची नाही. रोज सकाळी यायची, रोज काम करायची, आणि ती एक फाईल तशीच ठेवायची.

दिवाळीनंतर आबाजी एकदा आलेच. रामहरी दुकानात होता. साईटवर नव्या जातीच्या रोपांचा फोटो टाकायचा होता. कामाचं बोलून झाल्यावर ते मेहजबीनच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"पोरी, नंबर बदललाय न्हवं?"

मी काचेआडून कान टवकारले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"टेबलात बदललाय, आबा. हा बघा."

आबाजींनी पडद्याकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. "बरं," म्हणाले आणि गेले. रामहरीला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण काय ते कळेना.

मग टेलिफोनचे नंबर बदलले. एक्स्चेंज वाढवलं म्हणून भागातल्या सगळ्या नंबरांपुढं एक आकडा लागला, दोनचा. माझी काच परत पेंटरकडं. मागं रामहरीनं फर्मान काढलं, आजच्या आज सगळ्या साईटवर नंबर बदला आणि सगळ्या फाईली काढा. मेहजबीन सकाळपासून तेच करत होती. द्राक्षवाले झाले, मंगल कार्यालय झालं. दुपारी डबा खायला आली तर नुसती भाकरी चिवडत बसली.

"आबांची राहिली," म्हणाली. "फाईल काढली तर टेबलातला आबांचा नंबर दिसणार. नाही काढली तर जुना नंबर, आणि तो तर आता वाजतच नाही. कसंही केलं तरी दादासोकाकांचा फोन बंद."

"मग संपलं," मी म्हटलं. "देवानंच सोडवलं तुला. काढ ती फाईल आणि मोकळी हो."

तिनं मान हलवली, हो म्हणून. उठली. आणि त्याच वेळी इंदापूर गाडीतनं आबाजी उतरले.

ते सरळ मागं गेले. रामहरी उत्साहात होता. "या आबा, तुमचाच नंबर राहिलाय. आता करून टाकतो, तुमच्यासमोर. आधी दाखवतो कसं दिसतंय ते." मेहजबीन दारातच उभी राहिली. रामहरीनं स्वतः लाईन लावली, साईट उघडली. फाईलवाली साईट, झटक्यात उघडली. आणि आबाजींच्या नावाखाली दादासोंचा नंबर, पुढं 'पी.पी.'.

मी बूथ सोडून दारात आले.

"हे काय?" रामहरीचा आवाज चिरका झाला. "मेहजबीन! हे काय आहे? उन्हाळ्यात सांगितलेलं काम! फाईल काढली नाहीस तू?"

"नाही सर."

"विसरलीस?"

विसरले म्हणाली असती तरी नोकरी गेलीच असती. पण ती तेही म्हणाली नाही. "आधी विसरले. नंतर कळलं होतं. तरी नाही काढली."

"आबा, मी हात जोडतो," रामहरी म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं. मेहजबीन, पर्स उचल आणि जा. उद्यापासून यायचं नाही. तुझ्या वडलांना मी स्वतः फोन करून सांगतो."

तिनं पर्स उचलली. डोळ्यात पाणी नव्हतं. ठेचा खाताना यायचं, तेव्हा नाही आलं. मी तोंड उघडणार होते, रामहरीला चार शब्द सुनावणार होते, त्याच्या आधी आबाजी बोलले.

"कुणावर वरडतोयस? तिला मीच सांगितलं हुतं, ऱ्हाऊ दे म्हणून."

रामहरी बघतच राहिला. मेहजबीनही.

"तुम्ही? कधी?"

"सांगितलं हुतं. तुला काय करायचंय कधी ते? साईट माझी, नंबर माझा." आबाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली. "मला काय येडा समजतोस? मुंबईचा नवा साहेब फोन करतो, पहिल्यांदाच करतो, आन त्याच्या घरी कसा करतो? पहिल्याच फोनला मला कळलं. माझ्या घरचा फोन नुसता धूळ खातोय."

मग त्यांनी त्या खुर्चीकडं बोट केलं. "बस पोरी. नंबर टाक. माझा नको. दादासोच्याच नंबरापुढं दोन लाव. आन ते पी.पी. काढू नगंस."

मेहजबीन बसली. पर्स मांडीवर ठेवूनच टाईप करायला लागली. रामहरी बाजूला झाला, गिऱ्हाईक म्हणेल तसं. मी आपली बूथमध्ये येऊन बसले आणि उगाच खण आवरायला घेतला.

आबाजी माझ्यामागनं बाहेर आले. "बाई, त्यो नवा नंबर लागतोय का बघाया पायजे. न्हायतर चुकीचाच टाकायची पोरगी." केबिनमध्ये शिरले. दार लावलं नाही. मेहजबीनला इंटरनेटची लाईन सोडायला लावून मी नंबर फिरवून दिला, घंटी वाजली, आणि पलीकडं दादासोंनी उचलला. माझा फोन कसा होता ते मी सांगितलंय. सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"हॅलो," दादासो म्हणाले.

आबाजींनी तोंड उघडलं आणि त्यांची दातखीळच बसली. उन्हाळ्यापासून त्या माणसाशी एक शब्द बोलले नव्हते, आता काय बोलणार?

"हॅलो, कोण? डाळिंबवाल्या आबाजीला पायजे ना? धरा, ठेवू नगा. हाक मारतो."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दूरनं, अंगणातनं, "खंड्या, फोन आलाय म्हणावं!" थोडं थांबून परत, "खंड्या, सांग की रं!" आबाजी बारामतीला आलेत हे त्याला कुठं माहीत होतं? समोरच्या घराला कुलूप असणार, डाळिंबात कुणी दिसत नसणार. काही वेळ नुसती म्हैस ओरडलेली ऐकू आली. आणि मग दादासोंचा आवाज आला, मघापेक्षा मोठा, जरा घाबरलेला. मेंढरामागं हिंडलेल्या माणसाचाच आवाज तो, माळाच्या पार जाणारा.

"आबाऽऽ! अरं आबाऽऽ! कुठं गेलाऽऽस?"

आबाजींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आलो," ते म्हणाले. पलीकडं ऐकायला कुणी नव्हतं. "आलो रं दादा. आलो."

मीटर पळत होतं. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आतनं मेहजबीननं विचारलं, "मावशी, नंबर लागतोय का? जुनी फाईल काढू?"

"काढ बाई," मी म्हटलं. "लागतोय."